मुळांवरच्या गाठी

आमच्या दैनिकाच्या सुरत आवृत्तीत दर गुरुवारी शेतीचं पान निघायचं. सुरतेतल्या मराठी माणसाला शेतीचं पान कशाला, असं मी रुजू झालो त्या दिवशी विचारलं होतं. वरिष्ठ उपसंपादक म्हणाले, आपला वाचक लूमवर उभा असला तरी त्याचं लक्ष गावच्या बांधावर असतं. पान करायला कोणी तयार नव्हतं. ते नव्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

मी शेती कधी केली नव्हती. वडील खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले तेव्हा मी दुसरीत होतो. सुरतेच्या गोडादरा भागातल्या ज्या गल्लीत आम्ही राहायचो, तिथे हिरवं म्हणावं असं एक तुळशीचं झाड आणि नळाशेजारचं शेवाळ. शेतीचं पान मी गुजराती पत्रकांवरून करायचो. कृषी खात्याची आणि संशोधन केंद्राची पत्रकं टपालाने यायची, मी त्यांचं मराठी करायचो. कार्यालयात मला ‘या, प्रगतिशील शेतकरी’ म्हणायचे. घरी आई विचारायची, “वाफसा कशाले म्हंतस, माहीत शे का तुले?” मला शब्द माहीत होता. जमिनीत पेरणीला योग्य ओलावा असण्याच्या स्थितीला वाफसा म्हणतात, हे मी छापलंही होतं. जमीन हातात घेऊन ते ओळखता आलं नसतं.

त्या नोकरीत मला शिकवलं होतं ते असं. जे पाहिलं ते लिहावं. आकडा असेल तर आकडा लिहावा. शंका असेल तर जाणकाराला विचारावं, आणि जाणकार नसेल तर छापील आधार शोधावा. हे नियम वाईट नव्हते. पुढे जे झालं ते नियम मोडल्यामुळे झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

आमच्या गल्लीत एक बाई राहायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला भाऊ. तिचा नवरा माझ्या वडिलांच्या खात्यात लूमवर होता. प्लेगच्या साथीच्या भीतीने शहर रिकामं झालं होतं, त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी तो छातीच्या आजाराने गेला. मूलबाळ नव्हतं. मावशी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. त्यावर तिचं पोट भरत असे, खोलीचं भाडं निघत नसे. गावाहून दिराचा निरोप आला होता की आता इकडेच ये. दिराच्या घरी तिने लग्नानंतरची सहा वर्षं काढली होती. तिथे चूल, गोठा आणि सगळ्यांच्या शेवटी जेवण, एवढंच तिने माझ्या आईला सांगितलं होतं. आईने अधिक विचारलं नाही. मावशीला सुरत सोडायची नव्हती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

गोडादऱ्यात तेव्हा निम्म्या सोसायट्या आणि निम्मी शेतं होती. शेवटच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे एका म्हाताऱ्या गुजराती शेतकऱ्याचं रान होतं. त्याची मुलं कापडाच्या दुकानात बसायची आणि रानाकडे फिरकायची नाहीत. विहिरीवरची मोटर राखायला त्याला माणूस हवं होतं. मावशी धाग्यांचं काम सोडून त्याच्याकडे गेली. राहायला मोटरशेजारची ओरडी, म्हणजे एका दाराची खोली, आणि करायला रानाची एक पट्टी. पट्टीत पापडी, म्हणजे कोवळ्या शेंगांचा वाल, लावायची, शेंग निम्मी निम्मी. त्याने तिला एकच अट सांगितली, आणि ती मी तिच्याबरोबर गेलो होतो म्हणून ऐकली.

“पापडी सारी उतरशे तो आवता वरसे पण तमे ज करजो, बेन.”

म्हणजे पीक चांगलं आलं तर पुढच्या वर्षीही तूच कर. पुढच्या वर्षी ती राहणार की दिराकडे जाणार, हे त्या पट्टीवर ठरणार होतं.

पट्टी चांगली नव्हती. काही वर्षांपूर्वी म्हाताऱ्याच्या मुलांनी वरची दीड-दोन हात माती वीटभट्टीवाल्याला उचलू दिली होती. त्यानंतर तिथे मूग पेरला होता, तो विताएवढा होऊन थांबला. मावशीने रान पाहिलं, ढेकूळ फोडलं, हुंगलं, आणि माहेरी भावाला निरोप पाठवला. आठ दिवसांनी तिचा भाऊ पॅसेंजरने अर्धी गोणी माती घेऊन आला. ती तिच्या माहेरच्या वालाच्या रानातली माती होती. त्यांच्याकडे रीत अशी, की नव्या रानात वाल किंवा पापडी घालायची असेल तर जुन्या वालाच्या रानातली माती गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळायची आणि उरलेली पेरणीच्या तासात टाकायची. का, ते तिला माहीत नव्हतं. तिच्या आजीनेही असंच केलं होतं.

म्हाताऱ्याने गोणी पाहिली तेव्हा तो हसला. “अहीं माटी नथी मळती, बेन?”

मावशीने तिच्या मोडक्या गुजरातीत उत्तर दिलं, की मिळते काका, पण ओळखीची नाही.

गणपती उठल्यावर पेरणी झाली. बी म्हाताऱ्याचंच, सुरती पापडीचं. त्याच बियांची एक पट्टी त्याने शेजारी स्वतःसाठीही टाकली होती, तिच्यात माती घातली नव्हती. पाणी एकाच विहिरीचं. दिवाळीपर्यंत दोन्ही पट्ट्यांत फरक दिसू लागला. म्हाताऱ्याची पट्टी फिकट पोपटी होती, मावशीची काळपट हिरवी. मी टेप घेऊन दोन्हीकडचे दहा दहा वेल मोजले आणि वहीत लिहून ठेवले. पानासाठी छोटी बातमी होईल असं वाटलं होतं. ती राहून गेली.

त्याच सुमारास पानांवर आणि शेंड्यांवर अळी दिसली. मी पत्रकातलं प्रमाण लिहून घेऊन गेलो. किती पाण्यात किती औषध, कोणत्या वेळी फवारायचं. मावशीने कागद घेतला, घडी करून कमरेला खोचला आणि मला एका वेलापाशी नेलं. पानावर एक हिरवी अळी निपचित पडली होती. तिच्या अंगाला तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरे कोष चिकटले होते. मला ती अळीची अंडी वाटली आणि मी तसं म्हणालो. मावशीला हसू आवरेना. अळी कधी अंडी घालते का, तिने विचारलं. मग तिने सांगितलं की बारीक माशी येते, अळीच्या पोटात आपली पोरं ठेवून जाते, ती पोरं अळीला आतून खातात. अशी अळी दिसली तर तिला मारायचं नाही, पान तोडायचं नाही. फवारलं तर माशी आधी मरते.

“पण माशीला कसं कळतं इथे अळी आहे म्हणून?” मी विचारलं.

“झाड बलावस,” ती म्हणाली.

झाड बोलावतं. मी हे वहीत लिहिलं नाही. ते बातमीचं वाक्य नव्हतं.

डिसेंबरात वेलांना शेंगा लागल्या. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सुरतेत घराघरात उंधियू होतं आणि त्या मिसळीच्या भाजीत पापडी लागतेच. म्हाताऱ्याचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. अजून तीन आठवडे तसंच टिकलं असतं तर बाकी काही करायची गरज नव्हती.

तेव्हा पट्टीचा एक कोपरा पिवळा पडला. तो उताराकडचा कोपरा होता. भिंतीपलीकडे कापड रंगवण्याची एक मिल होती आणि तिच्या पाण्याचा नाला रानाच्या कडेने जायचा. नाल्यात कधी लाल पाणी असायचं, कधी जांभळं. त्या कोपऱ्यातला बांध उंदरांनी पोखरला होता. हे सगळं मी पाहिलं. माझ्या वहीत त्या रविवारच्या पानावर ‘नाला, जांभळं पाणी, वास’ असे शब्द आहेत. त्यांच्यापुढे काही लिहिलेलं नाही.

मी पोचलो तेव्हा मावशीने पिवळ्या कोपऱ्यातला एक वेल मुळासकट उपटून ओरडीच्या दारात ठेवला होता. तिने आयुष्यात प्रथमच पापडीचं मूळ पाहिलं होतं. माहेरी शेंगा तोडल्या की वेल म्हशीला कापून घालत आणि मूळ नांगराखाली जात असे. मुळाला दोन-चार बारीक गाठी होत्या. हे काय असेल, तिने विचारलं.

माझ्या झोळीत त्या आठवड्याचं पत्रक होतं. विषय भाजीपाल्यावरील सूत्रकृमी. मातीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जंत मुळात शिरतात, मुळांवर गाठी येतात, झाड पिवळं पडतं. सोबत चित्र होतं. छपाई वाईट, मुळाच्या जागी काळे ठिपके. मी पत्रक आणि मूळ शेजारी शेजारी धरलं. गाठी होत्या. झाड पिवळं होतं. दोन्ही खुणा जुळल्या.

मी एका झाडावर थांबलो नाही, हे इथे नोंदवायला हवं. पट्टीच्या मधले तीन वेल मी उपटायला सांगितले, ते हिरवेगार होते. त्यांच्या मुळांवर गाठी अधिक होत्या, कितीतरी अधिक, माळेसारख्या. एक गाठ मी बोटांत चोळली, ती मुळावरून अलगद सुटून आली. नखाने फोडली, आत लालसर होती. वहीत मी लिहिलं, ‘गाठ सहज सुटते. आत लाल. सडण्यास सुरुवात.’

मावशी बराच वेळ चारही वेल शेजारी ठेवून पाहत होती.

“भाऊ, जे झाड पिवळं शे त्याले गाठी कमी शेतस,” ती म्हणाली. “हिरवाले जास्ती. आसं कसं?”

त्या दिवशी त्या रानात बोलल्या गेलेल्या वाक्यांपैकी हे एकच बरोबर होतं. मी तिला समजावलं की रोग आतून चढत असतो, हिरवी झाडं आज हिरवी आहेत, आठ दिवसांनी पिवळी पडतील. हे पत्रकात नव्हतं. हे मी तिथल्या तिथे तयार केलं, आणि ते ऐकायला पत्रकासारखं वाटलं.

तिने मान हलवली. मग मी पत्रकातली पुढची ओळ वाचली. रोगट शेतातील माती निरोगी शेतात नेल्यास प्रसार होतो.

“मावशी, ही माती तुमच्या गोणीतनं आली ना?” मी म्हणालो.

तिने गोणीकडे पाहिलं. रिकामी गोणी ओरडीच्या उंबऱ्याला पायपुसणं म्हणून टाकलेली होती.

“काकानी जमीनमां राही का हाई?”

काकांच्या जमिनीत हे राहील का, असं ती विचारत होती. मी सांगितलं, काही वर्षं राहू शकतं. पत्रकात उपायही होता. बाधित झाडं मुळासकट उपटून जाळावीत. गाठी सगळ्याच झाडांना होत्या, तेव्हा सगळीच झाडं बाधित.

तिने दोन दिवसांत पट्टी उपटली. एकटीने. सोमवारी मी कार्यालयात होतो, मंगळवारी दुपारी जाऊन आलो. हिरवे वेल पेटत नव्हते. ढिगातून नुसता पांढरा धूर निघत होता आणि अर्धवट भाजलेल्या शेंगांचा वास सोसायटीच्या भिंतीपलीकडे जात होता. भिंतीवरून एका बाईने विचारलं की मावशी, पोंक पार्टी आहे का. पोंक म्हणजे हुरडा, थंडीत सुरतेची माणसं रानात जाऊन तो खातात. मावशी काठीने ढीग उसकटत राहिली. शेंगा आधी तोडून घ्यायच्या होत्या, असं मी म्हणालो. तिने सांगितलं की रोगट झाडाची शेंग लोकांना कशी खाऊ घालायची.

त्या गुरुवारी शेतीच्या पानावर मी चौकट लावली. मथळा होता, ‘परगावच्या मातीसोबत रोगही आला’. गोडादरा भागात एका महिलेने माहेरहून आणलेल्या मातीमुळे पापडीचं पीक नष्ट करावं लागलं, अशा प्रकारे माती आणू नये, असा मजकूर. नाव दिलं नव्हतं. वरिष्ठ उपसंपादकांनी चौकट वाचून सांगितलं की अशा बातम्या हव्यात, यात माणूस आहे. माझी भाषा त्यांना नेहमीच नीट वाटायची.

म्हातारा शुक्रवारी रानात आला. पट्टी रिकामी पाहून त्याने विचारायच्या आत मावशीने स्वतःच सांगितलं, की माझ्या मातीने तुमची जमीन बिघडवली. हे मला नंतर त्याच्याकडून कळलं. तिने दुसरं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. नाल्याचं पाणी आलं, मावा पडला, काहीही. जमिनीत काय आहे हे त्याला पाहता येत नव्हतं. तिला खोटं सांगायचं सुचलं नाही. तो रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, “तो पछी रहेवा दो, बेन.”

म्हणजे मग राहू द्या. ओरडी उत्तरायणापर्यंत वापरा.

उत्तरायणाच्या दोन दिवस आधी ती पॅसेंजरने गेली. मी कार्यालयात होतो. जाता आलं असतं. आई स्टेशनवर गेली होती. परत आल्यावर आईने चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरी राहूनच सांगितलं की ती तुझं चांगलंच बोलत होती. पेपरवाल्या भावाने वेळेवर सांगितलं, नाहीतर काकांची सगळी जमीन गेली असती, असं म्हणत होती.

जवळजवळ वर्षभराने एका संशोधन केंद्राने पत्रकारांना आपलं रान दाखवायला बोलावलं. बाकीच्या पत्रकारांना जेवणात रस होता, मला पानासाठी मजकूर हवा होता. तिथल्या एक संशोधक बाई वनस्पतिरोगाच्या होत्या. हिंदी-गुजराती मिसळून बोलायच्या, आवाज बारीक, सवय वर्गात शिकवायची. त्यांनी चवळीचं एक रोप उपटलं आणि मूळ पाण्यात विसळून आमच्यापुढे धरलं. मुळावर गाठी होत्या, माळेसारख्या.

कोणता रोग आहे, असं मी विचारलं. त्या हसल्या. रोग नाही, हे झाडाचे पाहुणे, त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. त्या नोंदी अजून आहेत. चवळी, वाल, पापडी, या जातीच्या झाडांची मुळं मातीत एक रस सोडतात. तो रस मातीतल्या विशिष्ट जिवाणूंना ओळखू येतो. जिवाणू उलट खूण देतात. खूण पटली तर मुळाचा केस वाकतो आणि त्यांना आत घेतो. बाहेरचा कोणी शिरला तर त्याला मारायची झाडाची जी तयारी असते, ती तेवढ्यापुरती बाजूला ठेवली जाते. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतला नत्र देतात. त्यासाठी झाड त्यांना गाठ बांधून देतं. जिवाणू नसलेल्या जमिनीत, उदाहरणार्थ वरची माती उचललेल्या जमिनीत, ही झाडं फिकट राहतात. अशा जागी पूर्वीचे शेतकरी जुन्या रानातली माती आणून बियांना चोळत. आता केंद्र त्यासाठी पाकिटं विकतं.

सूत्रकृमीची गाठ आणि ही गाठ, फरक कसा ओळखायचा, मी विचारलं.

सोपं आहे, त्या म्हणाल्या. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचीच सूज. मूळ तोडल्याशिवाय ती निघत नाही. ही गाठ बोटात चोळली की सुटून येते. फोडून पाहा, आत लाल असेल तर जिवंत आहे, कामावर आहे.

त्यांनी एक गाठ फोडून माझ्या तळहातावर ठेवली. रंग मला माहीत होता.

मी कीटकांबद्दलही विचारलं, बहुधा विषय बदलावा म्हणून. त्यांनी सांगितलं की अळीने पान कुरतडलं की अळीच्या लाळेवरून झाडाला कळतं कोण खातंय. मग पानातून वेगळा वास सुटतो. तो वास बारीक माशीला ओळखू येतो, ती येऊन अळीत अंडी घालते. परदेशात यावर अलीकडे बरंच काम चाललं आहे. एका अर्थी झाड मदतीला बोलावतं, असं म्हणता येईल, त्या म्हणाल्या. वर्तमानपत्रात लिहाल तेव्हा जरा सांभाळून लिहा.

मी घरी येऊन मागच्या वर्षीची वही काढली. गाठ सहज सुटते. आत लाल. हिरव्या झाडाला गाठी जास्त, पिवळ्याला कमी. माती घातलेली पट्टी हिरवी, न घातलेली फिकट. नाला, जांभळं पाणी, वास. ‘सडण्यास सुरुवात’ हे दोन शब्द सोडले तर मी काहीही चुकीचं टिपलं नव्हतं. ती वही एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात दिली असती तर त्याने उभ्या उभ्या सांगितलं असतं की बांध लिंपून घ्या आणि शेंगा तोडायला लागा.

पुढच्या गुरुवारी मी गाठींवर लेख लिहिला. अर्धं पान. माहिती अचूक होती, संशोधक बाईंनी फोन करून तसं कळवलं. मावशीचा, पट्टीचा, माझ्या चौकटीचा त्यात उल्लेख नव्हता. लेखाचा विषय तो नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. दरम्यान म्हाताऱ्याने ते रान प्लॉट पाडायला दिलं होतं. तिथे आता घरांच्या रांगा आहेत. पापडी आली असती तरी जमीन विकली गेलीच असती, मावशीला एखादं वर्ष मिळालं असतं फार तर. हा हिशोब मी पुष्कळ वेळा मांडला आहे. प्रत्येक वेळी ते एक वर्ष शिल्लक राहतं.

आणखी एका वर्षाने नात्यातल्या एका लग्नाला मी खानदेशात गेलो. मावशीच्या दिराचं गाव तिथून चार मैलांवर होतं. मी सायकल मागून घेतली. ती गोठ्याच्या पडवीत शेणाने जमीन सारवत होती. मला पाहून तिने हात पुसले, आत जाऊन जावेला सांगितलं की सुरतचा भाऊ आला आहे, पेपरात असतो. जाऊ दारात येऊन पाहून गेली. चहा यायला वेळ लागला. आतून भांड्यांचे आवाज येत राहिले, ते जरुरीपेक्षा मोठे होते.

मी तिला सांगितलं. पाठ केल्यासारखं सलग सांगितलं. गाठी रोगाच्या नव्हत्या, झाडाच्या कामाच्या होत्या. माती चांगली होती. त्या मातीमुळेच तुमची पट्टी हिरवी होती. कोपरा नाल्याच्या पाण्याने पिवळा पडला होता. मी चुकीचं सांगितलं.

मी थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, “मना माहेरनी माती चांगली व्हती?”

चांगली होती, मी म्हणालो.

मग तिच्याकडून मला कळलं की मी सांगायला आलो होतो त्यापेक्षा गोष्ट पुढे गेली होती. आमची आवृत्ती गाड्यांबरोबर खानदेशात जायची. चौकट तिच्या माहेरच्या गावात कोणीतरी वाचून दाखवली होती. गोडादरा, बाई, माहेरची माती, पापडी. नाव नसलं तरी कोणाला कळायचं राहिलं नव्हतं. भावाने कात्रण देव्हाऱ्यामागे ठेवलं होतं. त्या रानात त्याने दोन वर्षं वाल घातला नव्हता. दुकानदाराच्या सांगण्यावरून जंत मारायचं दाणेदार औषध टाकलं होतं. वाल गेला तो गेलाच, वर आमचं रान पेपरात बदनाम केलं म्हणून त्याने बहिणीशी बोलणं टाकलं होतं. दोन दिवाळ्या तिला माहेरचं बोलावणं नव्हतं. दिराच्या घरी हे माहीत होतं. जिला माहेर नाही तिला कसं वागवता येतं, तेही माहीत होतं.

मी म्हणालो, मी जाऊन भावाला सांगतो.

तिने मान हलवली. तो तोंडचं ऐकणार नाही, ती म्हणाली. त्याच्याकडे कागद आहे. मग तिने विचारलं की आता जे सांगितलं ते पेपरात छापलं का. छापलं, मी म्हणालो, गाठी चांगल्या असतात असं अर्धं पान छापलं.

“आनि मनं?” ती म्हणाली.

आणि माझं? ते छापलेलं नव्हतं. चहा आला. तिच्यासाठी कप आला नव्हता, मी अर्धा बशीत ओतून तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला नाही. निघताना ती सायकलपाशी आली आणि म्हणाली की दोनच ओळी छाप. कात्रण पाठव. ते मी भावाकडे धाडते, कोणी ना कोणी वाचून दाखवेल.

सुरतेला परतल्यावर मी खुलासा लिहिला. चार ओळी झाल्या. अमुक वर्षी या पानावर प्रसिद्ध झालेली माहिती चुकीची होती, सदर माती रोगट नव्हती, त्या महिलेचा व तिच्या माहेरच्या शेताचा काहीही दोष नव्हता. इतकं सरळ मी क्वचितच लिहिलं आहे. दुपारी तो कागद वरिष्ठ उपसंपादकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, लेखी तक्रार आली आहे का?

आमच्याकडे नियम होता, आणि मला तो ठाऊक होता. लेखी तक्रार आल्याशिवाय खुलासा छापत नसत.

बाईंना लिहिता येत नाही, मी म्हणालो.

ते म्हणाले, चौकटीत नाव होतं का? नव्हतं. मग तिची बदनामी झाली असं कसं म्हणता येईल? दोन वर्षांपूर्वीची गोष्ट वाचकाच्या लक्षातही नसेल, आपण उगाच आठवण करून द्यायची. आणि गाठींवरचा तुझा लेख आलाच की, चांगला होता. हे ते समजुतीने बोलत होते. त्यात दुष्टपणा काही नव्हता. त्यांच्या टेबलावर पानात न लागलेला मजकूर टोचायचा एक उभा खिळा होता. त्यांनी कागद त्या खिळ्यात टोचला आणि पहिल्या पानाकडे वळले.

मी जागेवर जाऊन बसलो. गुरुवारच्या पानाचा मजकूर अजून लावायचा होता, पत्रक समोर होतं, विषय आंब्यावरील तुडतुडे. मी पहिल्या परिच्छेदाचं मराठी करायला घेतलं. मावशीला मी कात्रण पाठवलं नाही, आणि तिच्या भावाच्या गावीही कधी गेलो नाही.